बीएमएक्सच्या फ्रेमचा भाव कोण ठरवतं?

जुनी वस्तू विकायला काढली की आपल्या शहराला तिची किती गरज आहे ते लगेच कळतं. सध्या आमच्याकडे मुलाची बीएमएक्सची फ्रेम विकायची आहे. नुसती फ्रेम, चाकं-हँडल नाही.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. बीएमएक्स म्हणजे 20 इंची चाकांची, बुटकी, कसरतींची सायकल. 1970 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मोटोक्रॉसची नक्कल करता करता हा खेळ काढला. 2008 ला बीजिंगमध्ये याची शर्यत ऑलिंपिकमध्ये आली, टोकियोत कसरतीही आल्या. आमची फ्रेम क्रोमोली पोलादाची आहे, वेल्डिंगला तडा नाही, नळी कुठे चेपलेली नाही.

आता भाव. भंगारवाल्याने तराजू काढला. फ्रेम अडीच किलोच्या आत, म्हणजे दोघांच्या चहा-क्रीमरोलचे पैसे. जुन्या बाजारात एकाने उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "काका, आपल्याकडचा बीबी याला बसत नाय. मागचा एक्सल 14 एमएमचा. कोण घेणार?" त्याचं बरोबर आहे. आपल्या साध्या सायकलचे पार्ट याला चालत नाहीत. त्यामुळे अशी फ्रेम तोच घेतो ज्याच्याकडे बाकीचं सामान आधीच आहे.

ऑनलाइन जाहिरातीला मेसेज ढिगाने आले. "आहे का?", "लास्ट किती?" आणि पुढे शांतता. खरी गिऱ्हाइकं दोनच. त्यांनी वरच्या नळीची लांबी विचारली, हेडट्यूबजवळच्या वेल्डिंगचे फोटो मागितले, दुकानाचं बिल आहे का विचारलं. मंडळी, विकणाऱ्याने मेसेज मोजू नयेत, माप विचारणारे मोजावेत. मागणी तेवढीच.

एवढ्या मोठ्या शहरात फक्त दोन! असं का?

दहा वर्षं जुनी स्कूटर संध्याकाळपर्यंत विकली जाते. कारण तिला कोपऱ्यावर मेकॅनिक आहे, नाना पेठेत पार्ट आहेत, आरसी बुक आहे. सायकलला पूर्वी निदान नगरपालिकेचा बिल्ला तरी असायचा. आज मालकीचा कागद म्हणजे दुकानाचं बिल आणि बीबीखाली ठोकलेला नंबर. तो जुळला नाही तर घेणाऱ्याला चोरीच्या मालाची भीती, आणि ती रास्तच आहे.

पण मुख्य कारण वेगळं आहे. ही सायकल चालवायची कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन हाकलतो, बागेत सायकलला बंदी, मैदानावर लग्नाचा मांडव. सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या. सायकलींचं शहर म्हणून आपण मिरवतो. 2017 मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, चांगलंच झालं. पण कर कमी झाल्याने चालवायला जागा तयार होत नाही. आणि जागा नसेल तर नवी सायकलही वर्षभरात जिन्याखाली जाते, तिथून भंगारात.

कोणी म्हणेल, हे चार पैसेवाल्या पोरांचं फॅड आहे, खड्डे बुजवा आधी. खड्डे बुजवाच. पण या खेळाला काही स्टेडियम लागत नाही. पंप ट्रॅक म्हणजे मातीचे उंचवटे आणि वळणं, वर डांबराचा थर. त्यावर महागडी बीएमएक्सही चालते आणि धाकट्याला मिळालेली थोरल्याची जुनी सायकलही. उलट अशी जागा झाली तर जुन्या सायकलींचा बाजार उभा राहील आणि ज्याला नवी परवडत नाही त्या पोराला स्वस्तात चांगली मिळेल. आजची अडचण नेमकी उलटी आहे: माल पडून आहे आणि घेणाऱ्याकडे कारण नाही.

म्हणून मागणी साधी आहे. आपल्या प्रभागात जॉगिंग ट्रॅकला जागा निघते, ओपन जिमला निघते, तशी एक पोरांच्या चाकांसाठी काढा. पुण्यात एका ठिकाणी करून बघा. तुमच्या भागात अशी पडीक जागा असेल तर कमेंटमध्ये लिहा, यादी करून नगरसेवकांकडे नेऊ. आणि जिन्याखाली सायकल धूळ खात असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचा नंबर आणि बिल शोधून ठेवा.