वडिलांना घेऊन ये!

समावेशकतेचे प्रशिक्षण कार्यालयाच्या खिडकीपासून सुरू व्हायला हवे. आणि रायगड जिल्ह्यातल्या मुरुडमध्ये ते मुरुडच्याच मातीतले हवे.

महाविद्यालयाच्या कार्यालयात कागद अडला की खिडकीच्या आतून एक वाक्य ठरलेले असते : ‘वडिलांना घेऊन ये.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. सही हवी असते, नियम तसा असतो आणि मागे रांग लागलेली असते. पण मुरुडच्या किनाऱ्यावर हेच वाक्य तिघांना ऐकवले तर काय होते? कोळीवाड्यातल्या मुलाचे वडील बोटीवर असतात. बोट बंदराला लागेल तेव्हा खरी. कोकणी मुसलमान घरातल्या मुलीचे वडील आखातात नोकरीला. ते येणार सुट्टी मिळेल तेव्हा. कातकरीवाडीवरच्या मुलाचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले. त्यांची वाट पावसाच्या तोंडावर पाहायची. तिघांना नियम एकच, वागणूक एकच, आणि तिघेही खिडकीवरून हात हलवत परत. ‘आम्ही सगळ्यांना सारखेच वागवतो’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी या सारखेपणाचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांना भिन्न समाजांतील, भिन्न भाषांच्या, भिन्न क्षमतांच्या विद्यार्थ्यांशी वागण्याचे प्रशिक्षण द्यावे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समता आणि समावेशन हे शब्द पानोपानी आहेत. ‘नॅक’च्या मूल्यांकनातला सातवा निकष संस्थेच्या मूल्यांविषयी आहे आणि सर्वसमावेशक वातावरणासाठी काय केले, हेही तिथे विचारले जाते. अध्यापकांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये मालवीय मिशनचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. उद्बोधन आणि उजळणी वर्गांशिवाय प्राध्यापकांची पदोन्नती पुढे सरकत नाही, त्यामुळे ते वर्ग होतात. पण प्रवेश अर्ज घेणारा लिपिक, शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळणारा कारकून, ग्रंथालयातला परिचर, प्रयोगशाळेतला मदतनीस, फाटकावरचा रखवालदार यांचे काय? पहिल्या पिढीतला विद्यार्थी महाविद्यालयात पाऊल टाकतो तेव्हा त्याला आधी भेटतात ती हीच माणसे. प्राध्यापक त्यानंतर भेटतो; तोवर तो विद्यार्थी टिकला तर.

मुरुडला या विषयाचे धडे बाहेरून आणण्याची गरज तशी पडू नये. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी इथल्या जलदुर्गावरून राज्य केले आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ते चालले. या संस्थानाचे दिवाणपद बेने इस्रायली शालोम बापूजी इस्रायल यांनी भूषवले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे हे मराठीभाषक ज्यू याच किनाऱ्यावरच्या गावांतले. तालुक्यातल्या कोर्लईच्या किल्ल्यावरून पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले; त्यांच्या भाषेतून घडलेली बोली तिथली ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात बोलतात. राजपुरी आणि एकदऱ्याचे कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, कोकणी मुसलमान, बौद्ध, कातकरी अशी सगळी वस्ती डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत शेजारी शेजारी राहते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न वसंतराव नाईक महाविद्यालय आणि अंजुमन इस्लाम जंजिराचे विज्ञान महाविद्यालय याच गावात आहेत. राज्यातल्या फार थोड्या तालुक्यांच्या गावांत इतके वैविध्य एका बाकावर बसत असेल.

मात्र शेजार आहे म्हणून ओळख आहे, असे समजण्यात आपण नेहमी फसतो. बाजारात मासळी घेताना, एसटीत जागा सरकवून देताना, उरुसाला आणि पालखीला जमणारा सलोखा कागदाच्या राज्यात आपोआप चालत येत नाही. तिथे नियम जाणणारा आणि नियमापुढे गांगरणारा असे दोनच वर्ग उरतात. आणि नियम नुसता असून भागत नाही, हे आजच्या रायगड जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असावे? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. कागद स्वच्छ होता. पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह चवदार तळ्यावर जावे लागले, ते ठराव आणि ओंजळ यांच्यातले अंतर तोडण्यासाठी. उच्च शिक्षणातल्या समतेच्या नियमांची अवस्था आज त्या ठरावासारखी आहे.

डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या जातीय भेदभावाचा अहवाल दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेचे विनियम आणले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा, असे त्यांत लिहिले. नियम होते आणि तरीही २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी तरुण डॉक्टरने आयुष्य संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा कुटुंबाचा आरोप आहे आणि तो खटला न्यायालयात आहे. त्याच वर्षी पायलच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबादमध्ये असेच आयुष्य संपवलेल्या संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१२चे नियम नीट राबवा, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम जाहीर केले, त्यांवरून वादंग माजले आणि महिना संपण्याआधीच न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली; तूर्त २०१२चेच नियम लागू राहतील असे सांगितले. नव्या नियमांचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण चौदा वर्षांपूर्वीच्या नियमांनुसार आपल्या महाविद्यालयात तक्रार कोणाकडे द्यायची, हे किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? विद्यार्थ्यांचे सोडा, किती कर्मचाऱ्यांना?

शेवटी समता कोणाच्या हातात असते, हे मुंबईतल्या चेंबूरच्या प्रकरणाने दाखवले. तिथल्या महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी यांना आवारात बंदी केली. उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाबवरील बंदीला स्थगिती दिली आणि टिळा, टिकली लावणाऱ्यांनाही अडवणार का, असे विचारले. न्यायमूर्तींनी युक्तिवाद ऐकले, पण असा आदेश अमलात आणताना मुलीच्या समोर उभा राहतो तो फाटकावरचा रखवालदार. कंत्राटी, तुटपुंज्या पगाराचा, कुणीही काही न शिकवलेला. त्याने कसे बोलावे, काय विचारू नये, संशय आला तर कोणाला बोलवावे, हे ठरवण्याचे काम संस्थेचे आहे आणि संस्थेने ते त्याच्या मर्जीवर सोडलेले असते.

म्हणून प्रशिक्षण हवे. पण कसले नको तेही सांगायला हवे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका दुकानात बसलेल्या दोन कृष्णवर्णीयांना अटक झाल्यावर स्टारबक्सने २९ मे २०१८ रोजी दुपारी आठ हजारांहून अधिक दुकाने बंद ठेवून कर्मचाऱ्यांचे शिबिर घेतले. त्या दुपारची बातमी जगभर गेली. एका दुपारीत माणसाचे वळण बदलते का, हा प्रश्न मागे राहिला. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या आठशेहून अधिक कंपन्यांचा अनेक वर्षांचा तपशील तपासून २०१६ मध्ये लिहिले, की सक्तीच्या प्रवचनांनी फारसे काही साधत नाही, उलट चीड वाढते. काम नेमून दिले, कोणाला हाताशी धरून शिकवायला लावले आणि निकालाची जबाबदारी टाकली, तर फरक पडतो. आपल्याकडे तर प्रवचनही पडद्यावर चालते. कॅमेरा बंद ठेवून जोडणी करायची, शेवटी प्रश्नावली भरायची, ई-प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे आणि फलकासह छायाचित्र मूल्यांकनाच्या फाइलीत लावायचे. याला समावेशकता म्हणायचे असेल तर ती फाइलीतच समाविष्ट होते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. ‘कातकरी असे असतात, मुसलमान तसे असतात, कोळ्यांचा स्वभाव असा’ अशी रीतिरिवाजांची यादी पाठ करून घेणारे प्रशिक्षण जुने पूर्वग्रह नव्या वेष्टनात परत देते. कर्मचाऱ्याला समाज पाठ करायचे नाहीत. समोरच्याला विचारायचे कसे आणि नियमात वाट कुठे आहे, हे शिकायचे आहे. ‘वडील येऊ शकत नसतील तर कोणाची सही चालेल?’ हा प्रश्न खिडकीच्या आतल्या माणसाला स्वतःहून सुचला, की अर्धे प्रशिक्षण झाले.

उरलेले अर्धे मुरुडच्या दिनमानातून शिकता येते. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते; नेमके तेच प्रवेशाचे आणि शुल्क भरण्याचे दिवस. ज्या दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही, त्याच महिन्यांत एकरकमी शुल्क मागायचे की हप्ते बांधून द्यायचे, हा निर्णय प्राचार्य आणि अधीक्षक पंधरा मिनिटांत घेऊ शकतात. वीटभट्टीवरून पालक परतण्याआधीच परीक्षेचे अर्ज, हजेरीची अट आणि शिष्यवृत्तीच्या त्रुटी येऊन ठेपतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक असलेल्या, ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या जमीन नसलेल्या कातकऱ्याने तो कागद कुठून आणावा? शालेय नोंदी, नातेवाइकांचे वैध दाखले, गृहचौकशी या वाटा असतात; त्या ज्याला माहीत आहेत तो लिपिक एका मुलाचे वर्ष वाचवतो. उर्दू शाळेतून आलेल्या मुलीचे नाव आधी देवनागरीत, मग रोमनमध्ये जाते. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. शिष्यवृत्तीचे महाडीबीटी संकेतस्थळ हे तीन माणसांचे अर्ज समजते. ‘नाव नीट लिहिता येत नाही का?’ असे तिला ऐकवायचे, की पहिल्याच दिवशी तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासून घ्यायचे? २०१६च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखल्या. लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला वीस मिनिटे जादा मिळतात. हे परीक्षा विभागातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवे. विद्यार्थ्याने कायदा दाखवायचा आणि कर्मचाऱ्याने चष्मा पुसत वाचायचा, हा क्रम उलटा आहे.

यावर कर्मचारी म्हणतील, आधीच पदे रिकामी, एकेकाकडे तीन टेबले, त्यात हे आणखी एक ओझे. तक्रार खरी आहे. राज्यात शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षे रखडते आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात, ज्यांना प्रशिक्षणाच्या दिवसाचे मानधनही मिळत नाही. त्यामुळे प्रशिक्षण कामाच्या वेळेत व्हावे, कंत्राटी आणि हंगामी माणसांना त्या दिवसाचा मोबदला मिळावा. आणि ते दोन्ही बाजूंनी व्हावे. शिपायाला एकेरी हाक मारणारा विभागप्रमुख, सफाई कामगाराचा कप वेगळा ठेवणारी स्टाफरूम, ‘कॅटेगरीतून लागलेला’ म्हणून सहकाऱ्याला टोमणे मारणारे कार्यालय विद्यार्थ्यांना समता काय शिकवणार? ज्याला स्वतःला मान मिळत नाही त्याच्याकडून तो पुढे वाटला जाण्याची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा झाला.

तेव्हा मुरुडच्या महाविद्यालयांपुढे, त्यांच्या संस्थाचालकांपुढे आणि मुंबई विद्यापीठापुढे मागण्या साध्या आहेत. दरवर्षी मे महिन्यात, प्रवेश सुरू होण्याआधी, रखवालदारापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांनी दोन दिवस एकत्र बसावे. व्याख्यान देण्यापेक्षा मागच्या वर्षी अडलेले अर्ज टेबलावर काढावेत आणि प्रत्येक कुठे, का अडला ते शोधावे. शिकवायला पदवीपर्यंत पोचलेले कातकरी तरुण, उर्दू शाळांचे शिक्षक, मासळी विकून मुले शिकवणाऱ्या कोळिणी, अपंग माजी विद्यार्थी यांना सन्मानाने आणि मानधन देऊन बोलवावे. तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी मराठीत आणि उर्दूत दर्शनी भागात लावावा. विद्यापीठाने पदोन्नतीसाठी प्रशिक्षणाची जी अट प्राध्यापकांना आहे ती शिक्षकेतरांनाही, सेवेच्या लाभासकट, लागू करण्याचा आग्रह सरकारकडे धरावा. आणि वर्षाअखेरीस तीन आकडे प्रसिद्ध करावेत : किती शिष्यवृत्ती अर्ज त्रुटींमुळे परत गेले, पहिल्या सत्रात किती विद्यार्थी गळाले, त्यांतले कोणत्या समाजाचे किती. प्रमाणपत्रांची संख्या कोणी विचारू नये.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला मार्च २०२७ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत व्याख्याने होतील, प्रतिमांना हार पडतील. ते जरूर व्हावे. पण त्याआधी येणाऱ्या प्रवेशाच्या हंगामात पालक नसलेला, नावात फरक पडलेला, १९५०चा कागद नसलेला एकही विद्यार्थी खिडकीवरून ‘नंतर ये’ एवढेच ऐकून परतणार नाही, असा हिशेब महाविद्यालयांना देता आला पाहिजे. ज्या संस्थांना तो देता येणार नाही, त्यांनी समतेवर भाषणे ठेवू नयेत.