बॉनेटला बिजागरी हवीच

जुन्या मोटारींचे इंजिन वाढवून त्या रस्त्यावर मिरविण्याचा नाद अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर चांगलाच फोफावला. या नादिष्टांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. कारखान्याचे पोलादी बॉनेट काढून फायबरग्लासचे वा कार्बन फायबरचे हलके बॉनेट बसवायचे, तर ते मूळच्या बिजागऱ्यांना बोल्टने जोडावे, की बिजागऱ्या काढून टाकून चार कोपऱ्यांतील पिनांवर नुसते अडकवावे? प्रश्न गॅरेजमधला दिसतो. पण गाडी सार्वजनिक रस्त्यावर धावणार असेल, तर तो तिच्या मालकापुरता उरत नाही.

पिनांची जागा शर्यतीच्या मैदानावर. पाव मैलाच्या सरळ धावेत सेकंदाच्या शतांशासाठी झगडणाऱ्याला बिजागऱ्या आणि स्प्रिंगांचे वजन नको असते. दोन धावांच्या मध्ये इंजिन चहूबाजूंनी मोकळे हवे असते. झाकण उचलायला मदतनीस हाताशी असतात. तेथे ही रचना शहाणपणाचीच आहे. मौज अशी की, १९६९ साली प्लिमथ रोड रनर आणि डॉज सुपर बी या गाड्यांच्या एका प्रकाराला खुद्द कारखान्यानेच असे चार पिनांचे फायबरग्लासचे बॉनेट दिले होते. पिनांचे कैवारी हा दाखला हटकून देतात. १९७० मध्ये तेच इंजिन पुन्हा बिजागरीच्या बॉनेटखाली आले, हे मात्र सांगत नाहीत.

रोजच्या गाडीचा मालक बहुधा एकटा असतो. तेवढे मोठे झाकण एकट्याने, रंग न खरवडता उचलणे कठीण. उचलले तरी भर पावसात, वाऱ्यात ते ठेवायचे कोठे? मग तेलपाणी पाहणेच टळत जाते. शिवाय साध्या पिना कोणीही बाहेरून काढू शकतो.

परंतु खरा मुद्दा वेगाचा आहे. पुढची कडा जरा सैल राहिली की वारा आत शिरून झाकण उचलतो. बिजागरीचे झाकण उलटून चालकाच्याच काचेवर आदळते. हा धोका ओळखूनच अमेरिकेच्या संघीय सुरक्षा नियम क्रमांक ११३ ने अशा, पुढून उघडणाऱ्या बॉनेटला दुसरी कडी सक्तीची केली आहे. पिनांचे झाकण सुटले तर ते गाडीच सोडते आणि मागच्याच्या अंगावर जाते. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याने शर्यतीत नाव नोंदविलेले नसते. नियम कारखानदाराला बांधतो. विकत घेतल्यावर मालकाने गाडीचे काय करावे, हे पुष्कळसे राज्याराज्यांच्या नियमांवर आणि त्याच्या विवेकावर सोडलेले आहे.

बोल्टचा मार्गही बिनकटकटीचा नाही. जुन्या बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा जड पोलादी पत्र्यासाठी बेतलेल्या. हलके झाकण त्यांच्या रेट्याने मागच्या बाजूला वाकते, प्रसंगी तडकते. म्हणून मऊ स्प्रिंगा घालाव्यात, किंवा त्या काढून झाकणाला साधी टेकणकाठी लावावी. आणि बिजागरीच्या व कडीच्या जागी आतून मजबुती दिलेलेच बॉनेट निवडावे. पिनांची हौस असेलच तर पुढच्या बाजूला दोन जरूर बसवाव्यात, मूळ कडी न काढता.