सुट्टीतील स्वाध्याय

व्यापारी घरातील मुलाने किती शिकावे आणि कोठे शिकावे, हा प्रश्न आजचा नाही. इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे जन्मलेले कवी बनारसीदास जैन व्यापारी कुळातले. इ. स. १६४१ मध्ये त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. तरुण वयात ते विद्येत आणि काव्यात फार रमू लागले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना समजावले, की अधिक शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम. वाण्याच्या मुलाने दुकानी बसावे. ही हकिकत त्यांनी स्वतःच त्यात नोंदवून ठेवली आहे. आज वडीलधारी मंडळी याच्या नेमके उलट सांगतात. मुलाने दुकानी बसण्याआधी पदवी घ्यावी, चांगल्या शाळेत जावे, चांगल्या क्लासला जावे, असा आग्रह घरोघरी दिसतो. काळजी मात्र तीच आहे: मुलगा आपल्या पायांवर उभा राहील ना?

ही काळजी अधिकच तीव्र होते ती एखाद्या घराने शाळाच नको असे ठरवले तर. आपल्या समाजात गृहशिक्षणाचा मार्ग धरणारी कुटुंबे थोडी आहेत, पण आहेत. सोलापुरातील कापडाचा व्यापार करणारे असेच एक एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातू. थोरला तेरा वर्षांचा, धाकटा नऊ वर्षांचा. थोरला दुसरीत असताना त्याला शाळेतून काढले. धाकट्याने तर शाळा आतून पाहिलेलीच नाही.

घराचा दिनक्रम साधा आहे. सकाळी देवदर्शन, न्याहारी, त्यानंतर जेवणाच्या वेळेपर्यंत आईजवळ भाषा, गणित आणि विज्ञान. दुपारी वाचन. चार वाजता थोरला वडिलांबरोबर दुकानी जातो, धाकटा आजोबांबरोबर बाजारात. सूर्यास्तापूर्वी सर्वांचे जेवण एकत्र. आणि याच पंक्तीत दिवसभरातील विचारपूस होते. आईने एक जाडजूड वही ठेवली आहे. मुलांना पडलेला प्रत्येक प्रश्न तारखेसह तिच्यात लिहायचा आणि आठ दिवसांत उत्तर शोधायचे, असा नियम. उत्तर न मिळालेले प्रश्न लाल शाईने पुढील पानावर घ्यायचे. व्यापारी घरात याला ‘बाकी पुढे ओढणे’ म्हणतात, ते मुलांना समजावून सांगावे लागले नाही.

दुकानात गणित आपोआप येते. एकदा एका साडीची करासह किंमत २१०० रुपये होती आणि कराचा दर पाच टक्के. थोरल्याने २१०० चे पाच टक्के काढून कर १०५ रुपये सांगितला. वडिलांनी चूक दाखवली नाही. “मग मूळ किंमत किती उरली? तिच्यावर आता कर लावून बघ,” एवढेच ते म्हणाले. मुलाने १९९५ वर पाच टक्के काढले. बेरीज २१०० होईना. अर्ध्या तासाने त्याचे त्यालाच उमगले, की मूळ किंमत २००० आणि कर १००. त्या रात्री वडिलांनी त्याला महावीराचार्यांविषयी सांगितले. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. व्याज, भागीदारी, सोन्याचा कस अशी व्यापारातलीच उदाहरणे त्यात आहेत. त्याचा हिंदी अनुवाद १९६३ साली सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेने प्रकाशित केला, हे ऐकून मुलाला विशेष नवल वाटले. अकराशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ आपल्या गावातून छापून निघाला होता!

तरीही या घरात सर्व काही आलबेल होते असे नाही. आजोबांना हा प्रयोग कधीच पसंत नव्हता. लग्नकार्यात कोणी “नातू कितवीत?” असे विचारले, की ते विषय बदलत. आईचे स्वतःचे असे काही उरले नव्हते. सकाळपासून रात्रीपर्यंत ती एकाच वेळी आई आणि शिक्षिका असे. आणि या घरात सुट्टी नव्हती. शाळाच नाही, तर सुट्टी कसली?

मे महिन्यात पुण्याहून आत्या आपल्या दोन्ही मुलांना घेऊन राहायला आली, आणि घरात प्रथमच खरीखुरी सुट्टी अवतरली. आंबे, पत्ते, गच्चीवरच्या गाद्या, रात्री उशिरापर्यंत गप्पा. वह्या कपाटात गेल्या. आठवड्याच्या शेवटी सगळे मिळून वेरूळला निघाले. सोलापूरहून हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक. म्हणून पहाटेच प्रस्थान ठेवले. दशम्या, खाकरे, लिंबाचे लोणचे आणि उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या बरोबर होत्या. लेणी मंगळवारी बंद असतात, तो वार आजोबांनी आधीच टाळला होता.

वेरूळला एकूण ३४ लेणी क्रमांकित आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले आहे, हे ऐकताच धाकट्याने विचारले, “आणि खाली आल्यावर चूक झाली तर?” आजोबा म्हणाले, “म्हणून आधी पुष्कळ विचार करायचा, मग छिन्नी लावायची.” आईने ते ऐकले आणि ती गप्प झाली. मुलांच्या बाबतीत आपण छिन्नी आधी लावली की विचार आधी केला, हा प्रश्न तिच्या मनात अधूनमधून येतच असे.

दुपार कलल्यावर सगळे बत्तिसाव्या लेण्यात पोहोचले. हे दुमजली लेणे ‘इंद्रसभा’ या नावाने ओळखले जाते. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आणि तिच्या जोडीला हत्तीवर आरूढ झालेला यक्ष, या तेथील प्रसिद्ध मूर्ती. हत्ती दिसला म्हणून पूर्वीच्या लोकांनी त्या यक्षाला इंद्र समजले, आणि त्यावरून लेण्यालाच इंद्रसभा हे नाव पडले. वस्तुतः हे जिनमंदिर आहे. अंगावर वेली चढलेले ध्यानस्थ बाहुबली, फणाछत्राखालील पार्श्वनाथ आणि गाभाऱ्यातील जिनप्रतिमा पाहिल्यावर हे कोणालाही कळते. वडील हे समजावून सांगत असता थोरला म्हणाला, “म्हणजे नाव चुकीचं आहे हे कळूनसुद्धा लोक तेच म्हणतात?”

“एकदा पडलेलं नाव सहजासहजी जात नाही,” वडील म्हणाले.

“आम्हालासुद्धा लोक ‘शाळा सोडलेली मुलं’ म्हणतात.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण आतेभावांसमोर तो हे बोलला, याची नोंद मोठ्यांनी घेतली.

परतल्यानंतर दोन दिवसांनी, आत्याची मुले पुण्याला गेली त्याच संध्याकाळी, जेवणाच्या पंक्तीत थोरल्याने सांगितले, “मला जूनपासून शाळेत जायचं आहे.”

पंक्तीत कोणी काही बोलले नाही. आईचा घास हातातच राहिला. सहा वर्षे तिने आपला सगळा वेळ ज्या गोष्टीला दिला, ती मुलाने एका वाक्यात बाजूला ठेवली, असे तिला वाटले. आतेभावांच्या स्नेहसंमेलनाच्या आणि क्रिकेटच्या गोष्टी ऐकून मुलगा भुलला, हे वडिलांचे मत. आता आजोबा “मी आधीच सांगत होतो” असे म्हणणार, याची दोघांनाही खात्री होती.

आजोबा तसे म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेला जवळ बसवून घेतले. “सूनबाई, नेहमीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायला निघालं, तर आपण त्याच्यावर रागावतो का? आपल्याकडे काय मिळालं नाही, ते त्याला विचारतो. त्याला आधी विचारा.”

आईने विचारले. उत्तर तिच्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. स्नेहसंमेलन आणि क्रिकेट हे तर होतेच. आपल्या वयाचे मित्र हवेत, हेही होते. पण शेवटी तो म्हणाला, “आई, मी खरंच हुशार आहे, की फक्त आपल्या घरात हुशार आहे? मला ते कसं कळणार?”

या प्रश्नाचे उत्तर घरात मिळणार नव्हते. प्रश्नवहीत तो लाल शाईने लिहिण्याजोगाच होता.

पुढील आठ दिवस घरात शांतपणे चौकशी झाली. दोन वाटा होत्या. पहिली, घरी राहूनच परीक्षा देण्याची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून हे काम करीत आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला तिच्या माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदवता येते, आणि नोंदणी पाच वर्षे चालत असल्याने विषय एकेक करून सोडवता येतात. राज्य मंडळाच्या दहावीलाही १७ क्रमांकाचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची सोय आहे. दुसरी वाट थेट शाळेची. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात गृहशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. परंतु सहा वर्षांवरील मूल शाळेत दाखल झालेले नसेल किंवा मध्येच बाहेर पडले असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावा, अशी तरतूद आहे. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलासाठी आठवीचे दार उघडे होते.

निर्णय मुलावर सोडला नाही, आणि त्याला वगळूनही घेतला नाही. थोरल्याने शाळेत जावे, धाकट्याने तूर्त घरीच शिकावे, आणि पुढील मे महिन्यात दोघांचाही पुन्हा विचार व्हावा, असे ठरले. एकाच घरातील दोन भावांसाठी दोन मार्ग, हे नातेवाइकांना विचित्र वाटले. अनेकान्ताची चर्चा प्रवचनात ऐकणे सोपे असते. तिला घरात जागा करून देणे कठीण असते.

जूनमध्ये थोरला आठवीत बसला. पहिल्या चाचणीत गणिताच्या पेपरातील उत्तरे बरोबर होती. पण शेवटचे दोन प्रश्न राहून गेले. घड्याळ लावून लिहिण्याची त्याला सवयच नव्हती. मराठीत शुद्धलेखनाचे गुण गेले. तो घरी आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मात्र दप्तर ठेवता ठेवता त्याने तीन नव्या मित्रांची नावे सांगितली. दुपारी घर आता अधिक शांत असते. आईला ती शांतता अजून सवयीची झालेली नाही. धाकट्याला गोष्टी सांगण्याचे काम आजोबांनी आपण होऊन घेतले आहे, आणि कोणी “नातू कितवीत?” असे विचारले, तर आता ते दोन्ही नातवांचे सविस्तर सांगतात.

हा निर्णय योग्य ठरेल की नाही, हे आणखी काही वर्षांनी कळेल. पण तो ज्या सुट्टीत झाला, तिच्याकडे प्रत्येक घराने पाहण्यासारखे आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्याय हे आभ्यंतर तप मानले असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनात घोळवणे, शुद्ध पाठ करणे आणि दुसऱ्यास सांगणे. हे विवेचन धर्मग्रंथांच्या अभ्यासाविषयी आहे, तरी कोणत्याही विद्येला ते लागू पडावे. शाळेत वाचना आणि आम्नाय भरपूर होतात. चांगल्या घरात पृच्छना होते. अनुप्रेक्षेला मात्र मोकळा वेळ लागतो, आणि तो सुट्टीखेरीज कोठून येणार? त्या तेरा वर्षांच्या मुलाला आपला खरा प्रश्न सापडला तो वह्या कपाटात गेल्यानंतर.

व्यापारी कुटुंबांत हल्ली सुट्टीचेही वेळापत्रक होते. सकाळी पोहणे, दुपारी गणिताचा विशेष वर्ग, संध्याकाळी संगणक, मध्ये आठवडाभराचे शिबिर. हेतू चांगलाच असतो. पण दिवाळीला दुकानाची खतावणी तपासणारे घर मुलाच्या वर्षाची खतावणी तपासायला वेळ काढत नाही. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. सुट्टीतले चार दिवस रिकामे ठेवावेत. एखाद्या संध्याकाळी, मोबाईल बाजूला ठेवून, मुलाला तीन गोष्टी विचाराव्यात: या वर्षी काय आवडले, काय समजले नाही, आणि कशाची भीती वाटते? उत्तर लगेच येईलच असे नाही. आले, तर ते ऐकताना मध्ये बोलू नये. आणि ते आपल्या मनाविरुद्ध असले, तर त्याच दिवशी निकाल देऊ नये. सोलापूरच्या त्या घराने आठ दिवस घेतले. तेवढा वेळ तर आपण नवा माल भरतानाही घेतोच.