पहाटेचा सातबारा

‘व्यायामाला वेळच मिळत नाही’ असं घरातला पुरुष म्हणतो, तेव्हा ती बहुतेकदा सबब असते. बाई म्हणते, तेव्हा ते खरं असण्याचीच शक्यता जास्त. सल्ला मात्र दोघांना एकच मिळतो : मनावर घ्या! जानेवारीत तर मनावर घेणाऱ्यांची रांगच लागते. वर्षाचं पॅकेज, नवे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, सगळं येतं. होळीपर्यंत त्यातलं घड्याळ तेवढं उरतं, तेही वेळ बघायला.

स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिका माल्मेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारी मंडळी महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच तिकडे फिरकत होती. एक खेप १७ डॉलरला पडत होती. त्याच क्लबात दर खेपेला १० डॉलर देऊन जायची सोय होती, ती त्यांनी घेतली नव्हती. यांना आळशी म्हणून चालणार नाही. फी भरताना प्रत्येकाची खात्री होती, की पुढच्या महिन्यापासून आपण वेगळेच कोणीतरी असणार आहोत. उत्साहाच्या भरात माणूस स्वतःला असंच उधारीवर विकत घेतो.

मग वर्षानुवर्षं टिकतात ते कशाच्या जोरावर? पुण्यात याचं उत्तर बघायचं तर सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी उभं राहावं. एकशे तीन पायऱ्या, दगडी आणि चांगल्या रुंद. कोणी एकदा चढून देवदेवेश्वराला हात जोडतं, कोणी खालीवर चार फेऱ्या मारतं. यांना प्रेरणा वगैरे विचारली तर हसतील. ‘नाही आलं तर चौकशी होते हो,’ हे त्यातल्या त्यात खरं उत्तर. चार बायकांच्या एका गटाची पद्धत मला फार आवडली. पहिली घरातून निघाली की दुसरीला मिस्ड कॉल देते, दुसरी तिसरीला, तिसरी चौथीला. फोन कोणी उचलत नाही. उचललाच, तर त्याचा अर्थ एकच : आज ती येत नाही, आणि का येत नाही ते आता सांगावं लागणार. एवढ्या पहाटे कारणं रचण्यापेक्षा चपला घालणं सोपं जातं.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे चांगलं ठाऊक होतं. कोल्हापूरच्या तालमीत पहाटे पोरं उठतात, जोर-बैठका मारतात, तिथे ‘आज मूड नाही’ हे वाक्य वस्तादापुढे चालत नाही. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, तेव्हा ते नुसते गुण गात बसले नाहीत. संस्थानातल्या शाळांच्या वेळापत्रकात त्यांनी नमस्कार घातले. मुलांची इच्छा आहे की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासातही जवळपास हेच दिसतं. स्वयंसेवकांनी एकच कृती रोज एकाच प्रसंगाला जोडून करायची होती. न्याहारीनंतर चालणं, असं काहीतरी. सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस पुरले असते, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे ‘एकवीस दिवसांत सवय’ हे भिंतीवर लावायला ठीक आहे. एखादा दिवस हुकला तरी सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. मोडते ती ‘आता एक दिवस बुडालाच आहे, तर सोमवारपासून बघू’ या आपल्या लाडक्या विचाराने.

म्हणजे वेळ ठरलेली हवी आणि विचारणारं माणूस हवं. इथपर्यंत सगळं सोपं आहे. अडतं ते पुढे. ही ठरलेली वेळ आणायची कुठून? घरातल्या पहाटेचा सातबारा काढून बघा. साडेपाच ते आठ एवढा तुकडा पाण्याच्या, डब्यांच्या, शाळेच्या रिक्षाच्या नावावर लागलेला असतो, आणि कसणारी एकटीच असते.

माझ्या एका मैत्रिणीला डॉक्टरांनी साखर दाखवून चालायला सांगितलं. पहिला आठवडा घरात कौतुकाचा गेला. मग कामवालीने सुट्टी घेतली, मुलाची परीक्षा आली, गावाहून दीर आले. दर वेळी पहिली कात्री तिच्या चालण्यावर. कोणी ‘जाऊ नकोस’ म्हणालं नाही. तसं म्हणावं लागतच नाही. शेवटी तिने रात्रीच भाजी चिरून, कणीक मळून ठेवायला सुरुवात केली आणि सकाळचा चहा, पाणी, कुकर नवऱ्याकडे दिला. पहिल्या दिवशी त्यांनी तीनाच्या जागी सहा शिट्ट्या काढल्या. भाताची खीर झाली, डाळ तळाला लागली. ती परत आली, तो भात डब्यात भरला, अवाक्षर बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. माझ्या मते तिचा व्यायाम त्या दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ म्हणणारेही भेटतात. त्यात थोडं तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटना घरकामही शारीरिक हालचालीत धरते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम करावेत, असं तिचं म्हणणं, आणि २०२० च्या सूचनांत सलग दहा मिनिटांची जुनी अटही राहिलेली नाही. पण मध्यम श्रम म्हणजे काय? बोलता यावं, पण गाणं म्हणताना दम लागावा, इतपत. ओट्याशी तासभर उभं राहिलं की पाय दुखतात, दम लागत नाही. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा, तो पोळ्या लाटून होत नाही.

तेव्हा यंदा बूट घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. सकाळची कामं कागदावर लिहा, प्रत्येकापुढे नाव घाला, तुमच्या अर्ध्या तासापुढे तुमचंच घाला. तो कागद फ्रीजवर लावा. मग एखादी मैत्रीण शोधा, जी मिस्ड कॉल द्यायला विसरणार नाही. आणि जिन्यात असताना वरून ‘अगं, मीठ कुठंय?’ अशी हाक आली, तर खालूनच उत्तर द्या. वर जाऊ नका.