आत किती, बाहेर किती?

सध्या आपल्या कॉलेजात एक नवी जमात दिसायला लागली आहे. कॅम्पसची वाट बघणारे जुने, जीआरईचे शब्द घोकणारे त्याहून जुने. हे नवे मात्र लोकलमध्ये, कॅन्टीनमध्ये, अगदी सबमिशनच्या रांगेतसुद्धा 'डेअर, डी, डास' करत उभे असतात. (शेवटचा शब्द पनवेलच्या माणसाला वेगळा पाठ करावा लागत नाही.) जर्मनीच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "अरे, तिथे माणसंच नाहीत!"

उत्तर तसं खोटं नाही. जर्मनीत १९७२ पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात. तरीही तिथली लोकसंख्या आज ८ कोटी ३० लाखांच्या पुढे आहे, म्हणजे तेव्हापेक्षा जास्तच. हे कसं काय? मित्रांनो, हा आपला सेकंड इयरचा टाकीचा प्रॉब्लेम. एक नळ जन्माचा, एक गळती मृत्यूची. पहिला नळ बारीक झाला तर पातळी टिकवायला दुसरा नळ सोडावा लागतो, बाहेरून येणाऱ्यांचा. जपानने तो नळ बरीच वर्षं जवळजवळ बंद ठेवला. २००८ नंतर त्यांची पातळी उतरत गेली. २०२४ मध्ये अख्ख्या जपानात सात लाखसुद्धा मुलं जन्मली नाहीत. शेवटी २०१९ पासून त्यांनीही कामगारांसाठी वेगळा व्हिसा काढला. दक्षिण कोरियात तर २०२३ मध्ये एका बाईमागे सरासरी ०.७२ मूल होतं. लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतात!

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तो या हिशोबातूनच. चांगली गोष्ट आहे. फक्त आपल्याला बोलावतात ते आपण फार हुशार म्हणून, असा गैरसमज नको. त्यांची टाकी रिकामी होतेय, आणि नळाची चावी त्यांच्याच हातात आहे.

ती चावी कशी फिरते ते बघा. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, 'पाहुणे कामगार' म्हणून. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि भरती एका फटक्यात बंद. आलेले पाहुणे मात्र गेले नाहीत. त्यांनी बायकापोरं आणली, संसार थाटले. अमेरिकेचा एच-वन-बी कोटा २००१ ते २००३ मध्ये १ लाख ९५ हजार होता, २००४ मध्ये तो ६५ हजारांवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जावर थेट एक लाख डॉलर फी जाहीर झाली. कॅनडाचं उदाहरण तर ताजंच. २०२३ या एका वर्षात त्यांची लोकसंख्या १२ लाखांहून जास्त वाढली, जवळजवळ सगळी बाहेरून आलेल्यांमुळे. घरभाडी आभाळाला भिडली, लोक चिडले. २०२४ मध्ये आधी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली आणि मग कायमच्या रहिवासाचं २०२५ सालचं लक्ष्य पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं.

आता लगेच 'गोरे लोक वर्णद्वेषी' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. काही असतीलही. पण जरा कट्ट्यावरच्या आपल्या गप्पा आठवा. "पनवेल आता आपलं राहिलं नाही यार, सगळे बाहेरचे!" हे वाक्य किती वेळा ऐकलंय? आणि बोलणारा निम्म्या वेळेला स्वतः साताऱ्याचा नाहीतर जळगावचा असतो. तोच संध्याकाळी आयईएल्टीएसच्या क्लासला जातो!

पनवेल शहर २००१ च्या जनगणनेत एक लाख चार हजारांचं होतं, २०११ मध्ये एक लाख ऐंशी हजारांचं झालं. ऑक्टोबर २०१६ मध्ये खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल वगैरे मिळून महानगरपालिका झाली. तिच्या हद्दीत २०११ च्याच मोजणीने पाच लाखांवर माणसं होती. ही काही पनवेलकरांच्या घरी पाळणे जास्त हलले म्हणून वाढलेली संख्या नाही. उलट महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ निघाला, म्हणजे आपला पहिला नळसुद्धा बारीक झालाय. ही माणसं आली ती घाटावरून, यूपी-बिहारमधून, केरळातून, आणि खाली कोकणातून. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटली, सिंधुदुर्गाची १९ हजारांनी. जपानची गावं ओस पडली म्हणून आपण हळहळतो. गणपतीचे चार दिवस सोडून कधी संगमेश्वर, देवरुखकडे जाऊन बघा. कुलूप लावलेली घरं आणि ओटीवर बसलेली आजी दिसेल.

आणि पनवेल फक्त येणाऱ्यांचं गाव नाही. इथे बेने इस्रायलींचं जुनं सिनेगॉग आहे. पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी आपल्याच गावांची नावं लावणारी, घरात मराठी बोलणारी ही माणसं १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. त्या देशाला माणसं हवी होती. शिवाय धर्म एकच. तरी तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली. मोर्चे काढावे लागले, धरणं धरावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना बरोबरीचे ज्यू म्हणून मान्यता दिली. स्वधर्मीयांत ही गत, मग श्टुटगार्टमध्ये आपल्याला पहिल्या दिवसापासून कोणी पेढे वाटेल, अशी आशा कशाला?

माझं म्हणणं असं, की भांडण माणसांशी नसतं, वेगाशी असतं. लोड हळूहळू दिला तर तुळई तोलते, एकदम टाकला तर मोडते. इथे तुळई म्हणजे घरं, पाणी, लोकलचे डबे. कॅनडाने माणसं आधी बोलावली, घरांचं नंतर बघू म्हटलं. आपल्याकडे वेगळं काय झालं? टॉवर आधी उठले, पाणी नंतर. देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठतं आणि नव्याकोऱ्या सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात. मग शिव्या खातो तो भाड्याने राहायला आलेला माणूस. पाइप न टाकणारा नामानिराळा!

यात एक माणूस मात्र मला वेगळा वाटतो : ज्याच्या जमिनीवर हे सगळं उभं राहिलं तो आगरी, कोळी, कराडी शेतकरी. सिडको १९७० मध्ये आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं आणि जानेवारी १९८४ मधल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची योजना पदरात पडली. डिसेंबर २०२५ पासून विमानतळावरून विमानं उडतात, त्यासाठीही दहा गावं उठली. त्याने 'बाहेरचे' म्हटलं तर मी ऐकून घेईन. तो माणसं नको म्हणत नाहीये, हिशोब मागतोय. तुम्ही-आम्ही म्हणायचा काय संबंध?

हिशोबावरून आठवलं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ ची होते आहे. इतकी वर्षं पनवेलचं पाणी, रस्ते, बस, सगळं २०११ च्या आकड्यावर अंदाजपंचे चाललंय. मोजणारा दारात येईल तेव्हा भाड्याच्या फ्लॅटमधले आपले चौघे-पाच जण नेहमीप्रमाणे म्हणतील, "आम्ही इथले नाही, आमचं नाव गावाला आहे." तसं सांगू नका. इथलं पाणी पिताय, इथे मोजले जा.