नाव कोठे, वास्तव्य कोठे?

१५ जानेवारी २०२६ रोजी कोल्हापूर महानगरपालिकेसाठी मतदान झाले. २०१५ नंतरची ही पहिलीच निवडणूक. तिच्यासाठी राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची मतदारयादी ग्राह्य धरली होती. त्यामुळे ज्या तरुणांची नावे त्या दिवसानंतर यादीत आली, त्यांना वयाची अठरा वर्षे पूर्ण होऊनही मतदान करता आले नाही. २०२२ पासून नोंदणीसाठी जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांच्या पहिल्या तारखा ठरलेल्या आहेत; पूर्वी १ जानेवारी ही एकच होती. सवलत वाढली, परंतु निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्याची आपली सवय गेली नाही.

वयापेक्षा अधिक घोटाळा पत्त्याचा आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा लागतो. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ बाहेर गेल्याने रहिवास संपतही नाही. आजरा-चंदगडकडील जी कुटुंबे मुंबईत कायमची स्थिरावली, त्यांचे नाव मुंबईतच हवे. गावाची ओढ आम्ही जाणतो. मात्र दोन्हीकडे नाव ठेवणे ही ओढ नव्हे. कायद्याने ते निषिद्ध आहे, आणि खोट्या निवेदनासाठी एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. पत्ता बदलल्यास नमुना ८ भरावा. बदली होऊन नव्या मठात आलेल्या आमच्या धर्मभगिनींनाही हेच लागू पडते. वसतिगृहातील विद्यार्थ्यांना मात्र घर किंवा वसतिगृह, यांपैकी एक पत्ता निवडण्याची मुभा आहे.

परदेशी नोकरीस गेलेल्यांनी तेथील नागरिकत्व घेतले नसेल, तर पासपोर्टवरील भारतातील पत्त्यावर त्यांना नोंदणी करता येते; मतदानास मात्र स्वतः यावे लागते. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले, त्यांचा हा हक्क संपला; ओसीआय कार्डाने तो परत मिळत नाही.

आम्हांस अधिक खटकतात त्या दोन गोष्टी. कळंबा कारागृहातील कच्च्या कैद्याचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो, तरी त्याला मत देता येत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनंतर यादीतील नाव कायम राहते, म्हणून तो कोठडीतून निवडणूक लढवू शकतो. मत तेवढे देऊ शकत नाही! सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही मनाई वैध ठरवली. ती वैध असेल. न्याय्य आहे असे आम्हांस वाटत नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोड मजुरांची. बीडकडून ही कुटुंबे गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यात येतात. त्यांची नावे गावी असतात आणि कायद्याने ती तेथेच राहतात. पण २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे मतदान ऐन हंगामाच्या तोंडावर आले. सीमेवरील जवानाला टपाली मताची सोय आहे, पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांना घरी मत देता येते. कोयता घेऊन शेकडो किलोमीटर आलेल्या मजुराला मात्र एका मतासाठी गावी जाऊन परत यावे लागते, तेही मजुरी बुडवून.