रात्रीच्या जेवणाचं काय?

सरकारी दवाखान्यात पेशंटला जेवण मिळतं, पेशंटजवळ बसणाऱ्याला मिळत नाही. नियम म्हणून यात गैर काही नाही. पण आपल्याकडे पेशंट एकटा दाखल होतो कुठे? सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारायला, रक्ताची पिशवी आणायला, सोनोग्राफीला ढकलत न्यायला घरचं माणूस लागतंच. त्या माणसाने काय खायचं, कुठे खायचं, हे दवाखान्याच्या एकाही भिंतीवर लिहिलेलं नसतं.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. महात्मा फुले योजनेची कागदपत्रं, रक्ताची सोय, बेवारस पेशंट हे माझं टेबल. लोक कामाचं सगळं बोलून घेत, उठून दारापर्यंत जात आणि मग वळून विचारत, "मॅडम, इथं जेवायची काही सोय हाय का?" खाटेसाठी तावातावाने भांडणारा माणूसही हे विचारताना आवाज खाली आणायचा. म्हणूनच माझं म्हणणं आहे की ही माहिती कुणाला विचारावीच लागू नये.

बाळंतिणींच्या वॉर्डात हे फार जवळून दिसायचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणानंतर 3 दिवस आणि सिझेरियननंतर 7 दिवस बाईला मोफत जेवण आहे. ताट एकीचं, खाणाऱ्या दोघी. आई लेकीला वरण-भात कालवून भरवायची, एक चपाती पदराआड सरकवायची आणि सिस्टर पलीकडच्या खाटेकडे वळली की कोरडीच खायची. सिस्टर रागवायच्या, आणि त्यांचंही बरोबरच होतं. ओल्या बाळंतिणीच्या वाटचं कमी पडून कसं चालेल?

यावर चांगला उपाय सरकारने काढला होता. 26 जानेवारी 2020 पासून शिवभोजन थाळी सुरू झाली. 10 रुपयांत 2 चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण, 150 ग्रॅम भात. शहरात थाळीमागे 50 रुपये धरले, ग्रामीण भागात 35. गिऱ्हाइकाचे 10 वजा जाऊन उरलेले सरकार केंद्रचालकाला देणार. करोनाच्या टाळेबंदीत हीच थाळी आधी 5 रुपयांना आणि पुढे काही महिने फुकट मिळाली. योजना कुठल्या सरकारने आणली याच्याशी मला देणंघेणं नाही. आमच्या गेटबाहेर लोक जेवत होते, हे मी पाहिलं आहे.

अडचण वेळेची होती. योजना निघाली तेव्हा दुपारी 12 ते 2 अशी वेळ ठरली. आता पहाटेच्या एसटीने आलेल्या माणसाचा दिवस बघा. केसपेपरची रांग, ओपीडीची रांग, एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, मग औषधाची खिडकी. त्यात 2 कधीच वाजून गेलेले. आणि जो रात्रभर वॉर्डाबाहेरच्या फरशीवर झोपणार, त्याला संध्याकाळी काहीच नाही. तामिळनाडूत 2013 साली सुरू झालेल्या अम्मा उणवगममध्ये सकाळी 1 रुपयाला इडली मिळायची, पुढे रात्रीच्या चपात्याही आल्या. कर्नाटकातली इंदिरा कॅन्टीन 2017 पासून नाश्ता, दुपार आणि रात्र अशी तिन्ही वेळा चालवायला काढलेली. गरिबाला दुपारीच भूक लागते, असं आपल्याच राज्याने कुठल्या आधारावर ठरवलं?

शिवाय केंद्र यादीत असतं, जागेवर असेलच असं नाही. 2025 मध्ये ठिकठिकाणच्या केंद्रचालकांनी अनुदानाची बिलं थकल्याची तक्रार जाहीरपणे केली. त्यांतली पुष्कळ केंद्रं बचत गटांच्या बायकांची किंवा छोट्या खानावळवाल्यांची. किराणावाला किती दिवस उधार देणार? 1995 साली 1 रुपयात सुरू झालेल्या झुणका-भाकर केंद्रांचं काय झालं, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. कितीतरी ठिकाणी गाळे राहिले, भाकर गेली.

दानशूरांची आपल्याकडे कमी नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसताना कुणी नाव-गाव विचारत नाही. दवाखान्यात मात्र दान येतं ते वाढदिवसाला, पुण्यतिथीला आणि गुरुवारी. एकाच दुपारी खिचडीचे दोन-दोन टेम्पो, केळ्यांचा ढीग. मग पुढचे कितीतरी दिवस शुकशुकाट. मी ऑफिसात भिंतीवर कॅलेंडर लावून दात्यांची नावं तारखेवार लिहायला लागले. दोनच अटी घातल्या: संध्याकाळी आणा आणि फोटो काढू नका. पहिली बहुतेकांनी मान्य केली. दुसरीने यादी बरीच रोडावली! शिवभोजनातही ॲपवर जेवणाऱ्याचा फोटो घेतात, पण तो हिशेबासाठी. हातात केळं देऊन काढलेला फोटो वेगळा, आणि तो कुठे फिरणार हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

रेशनचंही सांगायला हवं. पेशंटसोबत महिना-महिना परगावी राहणाऱ्यांना वाटतं की धान्य गावच्या दुकानातच मिळतं. तसं नाही. अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असेल तर देशात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. दुकानदार नाही म्हणाला तर 1967 वर फोन करावा. अर्थात, चूल मांडायला जागा नसेल तर कोरड्या तांदळाचं करणार काय? दवाखान्याजवळच्या ज्या धर्मशाळांत स्वयंपाक करू देतात, तिथेच त्या धान्याचा उपयोग.

तेव्हा जिल्हा रुग्णालयं आणि एसटी स्टँडजवळच्या केंद्रांना तरी रात्रीची थाळी मंजूर करावी आणि बिलं महिन्याच्या महिन्याला द्यावीत. ते होईल तेव्हा होईल. केसपेपरच्या खिडकीशेजारी फळा लावायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. त्यावर थाळी कुठे, किती वाजता, कितीला. आज संध्याकाळी अन्नदान कुणाचं. जवळचं रेशन दुकान कोणतं, एवढं मोठ्या अक्षरांत असावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खिडकीवरच्या क्लार्कने केसपेपर देतानाच, न विचारता, तोंडी सांगावं. आणि फळा रोज सकाळी पुसून नव्याने लिहावा, म्हणजे बंद पडलेल्या केंद्राचा पत्ता त्यावर राहणार नाही.